'ह'साठी डोक्यावर धरलेली ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे, पण लढाईतली नव्हे, बक्षीस समारंभातली. माझ्यावर कधी कोणी तलवार चालवली नाही. मला हार घातले, फोटोत पुढे धरलं आणि भाषणं ऐकवली. इतकी भाषणं ऐकूनही मला वाळवी लागली नाही, याचं मलाच नवल वाटतं.

बावीस वर्षांपूर्वी पनवेलच्या बाजारात बुधाजी नावाच्या कारागिराने मला घडवलं. शिसवी लाकूड, मधोमध पितळेचा पत्रा, त्यावर वीणा आणि खाली 'कलांकुर मंडळ, पनवेल' अशी अक्षरं. कडेने छोट्या पितळी पट्ट्या, दरवर्षीच्या विजेत्याच्या नावासाठी. मी पडले फिरती ढाल. कथाकथन स्पर्धेत जो पहिला येईल त्याच्या घरी राहायचं आणि पुढच्या स्पर्धेच्या दोन महिने आधी मंडळात परत यायचं. कोणी मला शोकेसमध्ये ठेवलं, कोणी फ्रिजवर. एका घरी माझ्यावर गरम कढई टेकवली, तो काळा डाग अजून आहे. पण मी मनाला लावून घेतलं नाही. माझ्या अंगावर नावं वाढत होती आणि मला नावांची हाव होती, हे आज कबूल करते.

मंडळ म्हणजे कृष्णकांत सर. मराठीचे निवृत्त शिक्षक. दर रविवारी घराच्या पुढच्या खोलीत ते मुलांना गोष्ट सांगायला शिकवत, तेही विनामूल्य. वर्ग सुटला की त्यांच्या पत्नी, रमाकाकू, सगळ्यांना पोहे देत. गावातल्या फलकांवर सरांच्या नावाआधी 'कलामहर्षी' लिहिलेलं असे. सरांचा एक लाडका शब्द होता, घासणं. "पोर घासलं की चमकतं," असं ते म्हणायचे आणि मलाही मुलांकडून चिंच लावून खसाखसा घासून घ्यायचे. त्या घासण्याने माझ्यावरच्या पहिल्या सात पट्ट्या गुळगुळीत झाल्या. तिथे आता नावं नाहीत, नुसती चकाकी आहे. सरांच्या ते कधी लक्षात आलं नाही, कारण पाहुणे म्हणत, "अजून किती नवी दिसते हो!"

गेल्या वर्षी प्राथमिक फेरीसाठी आम्ही शिरढोणजवळच्या एका शाळेत गेलो. मला टेबलावर मांडलं होतं. तिथे बारा वर्षांची एक मुलगी उभी राहिली. तेल चोपडलेल्या दोन वेण्या आणि गुडघ्यावर खरचटलेलं. "मी मनस्वी मात्रे," ती म्हणाली. आडनाव म्हात्रे, पण त्यांच्या घरात जोडाक्षरातला 'ह' बोलतच नाहीत, आमी आणि तुमी असंच चालतं. तिने आपल्या आजीची गोष्ट सांगितली. मिठागरावर एक म्हातारी एकटी राहते. समुद्र रोज तिच्या दारात येतो आणि म्हणतो, मीठ माझं आहे, परत दे. म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणते, "नाय देत, जा!" तिसऱ्या वेळेला सगळी शाळा तिच्याबरोबर ओरडली, "नाय देत, जा!" शिपाईसुद्धा ओरडला. मला पहिल्यांदाच वाटलं की हे नाव माझ्यावर यायलाच हवं.

सरांनाही ते वाटलं. ते खोटं नव्हतं, मित्रांनो. त्यांचे डोळे ओले झाले होते. तिथल्या तिथे त्यांनी तिला अंतिम फेरीसाठी निवडलं. तिची आजी भामा दाराशी बसली होती, तिला ते म्हणाले, "आजी, पोर हिरा आहे. फक्त भाषा घासायला हवी. दर रविवारी पाठवा."

भामा म्हणाली, "घासा ना, सर. तुमी शिकलेलं मानूस. आमाला काय कलतं?"

आणि घासणं सुरू झालं. "ह घाल, मनस्वी, ह! आमी नाही, आम्ही. मातारी नाही, म्हातारी. स्वतःचं आडनाव तरी नीट घे!" आठ रविवार हेच. एक 'ह' सुटला की शिक्षा ठरलेली होती. दोन्ही हातांनी मला डोक्यावर धरून उभं राहायचं, पन्नास आकडे होईपर्यंत. "जी जिंकायची आहे तिचं वजन कळू दे," असं सर हसून म्हणत आणि बाकीची मुलं मोठ्याने आकडे मोजत. मी चार किलोंची आहे. तिचे दंड थरथरायचे, तिचा घाम माझ्या कडेला लागायचा आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटायचं. इतका वेळ मला कोणी कधी हातात धरलं नव्हतं.

वर्गात खारघरची अनुया नावाची मुलगी होती. हुशार, मोकळी आणि मनस्वीची एकुलती मैत्रीण. पोहे खाताना ती मनस्वीला म्हणायची, "ए, ते 'नाय देत' परत म्हण ना. कसलं भारी वाटतं!" मनस्वी हळूच म्हणून दाखवायची आणि अनुया तिच्यामागून म्हणायची. एकदा सरांनी ते ऐकलं. मला वाटलं, आता मी दोघींच्या डोक्यावर. पण सर खूश झाले.

"अनुया, तू तुझी गोष्ट अशीच सांग. ग्रामीण बाज घे. तुझ्या तोंडी हे फार गोड वाटतं."

मनस्वीने विचारलं, "आणि मी, सर?"

"तुझ्या तोंडी ती कला नाही बाळा, ती सवय आहे. ती मोडायची."

अंतिम फेरीला नाट्यगृह भरलं होतं. मी रंगमंचावर, परीक्षकांच्या टेबलावर होते. पहिल्या रांगेत भामा, नवं लुगडं नेसून. मनस्वी माइकपाशी आली. पायाच्या अंगठ्याने ती जमीन उकरत होती. आठ रविवार जे कानात भरलं होतं ते सगळं एकदम तिच्या तोंडात आलं. एकही 'ह' सुटू नये म्हणून तिने, बिचारीने, जिथे नाही तिथेही 'ह' घातला.

"नमस्कार. म्ही म्हनस्वी म्हात्रे."

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"एक म्हातारी होती. ती म्हिठागरावर राहत होती. समुद्र म्हणाला, माझं म्हीठ दे."

सभागृह फुटलं. मुलं खुर्च्यांवर हात आपटत होती, मोबाइल वर आले होते. परीक्षकांनी कागद तोंडापुढे धरले. मनस्वीने पहिल्या रांगेत आजीकडे पाहिलं. भामा सगळ्यांत मोठ्याने हसत होती. तिला वाटलं, शाळेत रंगली होती तशीच पोरीची गोष्ट रंगली. ती टाळ्या पिटत शेजारणीला सांगत होती, "माजी नात हाय ती, माजी!"

मनस्वीने ते पाहिलं. तिला वाटलं, आजीसुद्धा. पुढचं वाक्य तिला आठवलंच नाही. समुद्र दारात तसाच उभा राहिला आणि म्हातारी काही बोललीच नाही.

सर माइकवर आले. त्यांनी सावरून घ्यायला हवं होतं. त्यांनी सावरलं, पण कार्यक्रमाला. "म्हनस्वीताई, म्हीठ जरा जास्त झालं!" असं म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा हशा मिळवला आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढचं नाव अनुयाचं होतं. नऊवारी, नथ, कमरेवर हात. गोष्ट तिची वेगळीच होती, पण शेवटी तिची नायिका सावकारापुढे उभी राहून म्हणाली, "नाय देत, जा!" टाळ्या थांबेनात. परीक्षक म्हणाले, या मुलीच्या बोलण्याला मातीचा वास आहे. मला अनुयाच्या हातात दिलं. तिचे हात थरथरत नव्हते.

बुधाजीने नाव कोरेपर्यंत मी आठवडाभर सरांच्या घरी होते, तेव्हा भामा एकटीच आली. मनस्वीचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र न्यायचं राहिलं होतं. ते तिने पदरात गुंडाळलं, पण उठली नाही.

"सर, पोर घरात बोलत नाय."

"होईल हळूहळू."

"काल मी तिला गोष्ट सांगाया बसली, तं माज्या तोंडावर हात ठेवलान. बोलली, आजी, गप्प बस. तू चुकीचं बोलतेस."

शेवटची दोन वाक्यं भामाने जशीच्या तशी म्हटली, एकही अक्षर न सोडता. आयुष्यात पहिल्यांदा ती शुद्ध बोलली असेल.

सरांचा चेहरा उजळला. "अरे वा! म्हणजे तिला आता फरक कळायला लागला. बघा, घासण्याचा परिणाम झाला की नाही?"

रमाकाकूंनी दिलेली पोह्यांची बशी भामाने तशीच सरकवली आणि चप्पल घालून गेली. सरांनी एका मुलाला हाक मारली आणि मला चिंच लावायला सांगितली.

आता मी खारघरला, अकराव्या मजल्यावर आहे. पाहुणे आले की अनुयाची आई म्हणते, "अगं, ते म्हणून दाखव ना." अनुया म्हणते. हल्ली ती म्हणताना माझ्याकडे बघत नाही. लवकरच मला परत नेतील. पुन्हा रविवार, पुन्हा कोणीतरी पोर, पुन्हा पन्नास आकडे.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, पुसा, सांभाळा. मी उलटं मागते. मला घासू नका, आहे ती नावं तरी राहू द्या. आणि तुमच्या वर्गात एखाद्या मुलीला, तिच्या आजीसारखी बोलली म्हणून, मला डोक्यावर धरायला लावलं, तर आकडे मोजत बसू नका. जवळ जा आणि तिला सांगा, सोड ती ढाल. लाकूड आहे मी, पडले तर फुटेन. बुधाजी मला पुन्हा जोडेल.