प्रीअँपने ऐकलेली तार

“प्रीअँप लावण्याआधी घराभोवतीचा गोंगाट ओळखून ठेव. त्याला उपग्रह कोणता अन् शेजारी कोणता ते कळत नाही, येईल ते मोठं करून देतो,” नंदुरबारला ती डबी हातात देताना उमाकांत सरांनी रंजिताला बजावलं होतं. कॉलेजात सर तिला फिजिक्स शिकवायचे. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाची, परीक्षाही तिने त्यांच्याच नादाने दिलेली. पण त्या दिवशी तिचं अर्धं लक्ष मांडीवरच्या दीड वर्षाच्या रुपाकडे होतं. पोरगी वायर तोंडात घालायला बघत होती. “हो सर, हो सर,” म्हणत रंजिताने धानोऱ्याची गाडी पकडली.

डबी काडेपेटीएवढी. गच्चीवर अँटेनाच्या अगदी बुडाशी ती बसवायची, म्हणजे आकाशातून आलेला बारीक आवाज लांबलचक केबलमध्ये विरून जाण्याआधीच मोठा होतो. अंतराळ स्थानकावरून अधूनमधून अशा आवाजातून चित्रं पाठवतात. किर्र-कुर्र करत ती खाली येतात आणि लॅपटॉपवर ओळीओळीने उमटतात. रंजिताला तसं एक तरी स्वच्छ चित्र हवं होतं.

पहिल्या चित्रावर तिरक्या ठिपक्यांची रांग उमटली. दुसऱ्यावरही तीच. हेडफोनमध्ये दर सेकंदाला टक्, टक्. रंजिताने चार्जर उपटले, फ्रीज बंद केला, शेवटी सासूबाईंचा टीव्हीही बंद केला.

“मन्ही सिरियल बी तुन्हा उपग्रहले आडवी येस का वं?” शोभाबाई रिमोट आपटत म्हणाल्या.

सिरियल आडवी येत नव्हती. रंजिताने अँटेना हातात धरून हळूहळू फिरवली, तशी पूर्वेकडे टिकटिक वाढली. दोन शेतांपलीकडे भिला आप्पांच्या मक्याला झटका मशीनची तार होती, रानडुकरांसाठी. बॅटरीवरचं ते मशीन सेकंदाला एकदा फटका देतं. जनावर दचकून पळतं, जिवाला धोका नसतो. आवाजाचा मालक सापडल्यावर तिला इतका आनंद झाला की तिने ते नवऱ्याला, भूपेशला, ऑफिसात फोन करून सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण तो “वा” म्हणाला.

मग शनिवार-रविवार रुपाच्या तापात गेले. दर तासाला थर्मामीटर. सोमवारी ताप उतरला आणि सकाळी पावणेदहाला स्थानक डोक्यावरून जाणार होतं, म्हणून रंजिता लेकीला कडेवर घेऊन गच्चीत आली.

टिकटिक गायब होती. तिच्या जागी सलग चरचर, कढईत ओलं काहीतरी पडावं तशी.

डबीच गेली, तिला वाटलं. डबी काढून केबल थेट अँटेनाला जोडली, तर चरचर जवळजवळ थांबली. झालं, डबीच! पण मन मानेना. तिने डबी परत जोडली आणि यावेळी अँटेनाच सोडवली. शांतता. म्हणजे डबी ठणठणीत होती. आवाज बाहेरून येत होता. तिने अँटेना जोडून फिरवली. पूर्व. नेमकी टिकटिकीचीच जागा.

तिने तो आवाज लॅपटॉपवर ताणून बघितला आणि ठिणग्या मोजल्या. सेकंदाला शंभर. पुन्हा मोजल्या. शंभरच. पन्नास सायकलची लाइट, म्हणजे खांबावरची वीज; दर सायकलला दोन ठिणग्या. बॅटरीच्या मशीनला हे जमणारच नाही. तारेत सरळ लाइट सोडली होती.

तिने मान वर केली. आप्पांच्या बांधावर कालीबाई दिसत होती. सातपुड्यातून आलेली कालीबाई आणि तिचा नवरा आमशा आप्पांच्या शेतात राखणीला राहायचे. रोज सकाळी पाठीला लेकरू बांधून ती शेळ्यांसाठी बांधावरचं गवत कापायची, थेट तारेखालचं.

“आई, रुपाला धरा!” रंजिता जिना उतरली आणि आप्पांना फोन लावत पळत सुटली. रिंग नुसती वाजत राहिली.

“कालीबाई! तारले हात लावू नको!”

कालीबाईने वळून पाहिलं. एका हातात विळा, दुसरा तार उचलायला पुढे केलेला. ती हसली. “ताई, झटकानी तार शे ती. माले चारदा बसना झटका. काही व्हत नही.”

“आज झटका नही, लाइट शे! मांगे सर!”

हात थांबला. दवाने ओलं झालेलं एक गवताचं पातं तारेला टेकून चरचरत होतं, आणि त्याच्या खाली एक सरडा काळाठिक्कर पडलेला. कालीबाईचं हसू मावळलं. पाठीवरचं लेकरू हाताने चाचपत ती एकेक पाऊल मागे आली.

रंजिताने परत लावला तेव्हा आप्पांनी फोन उचलला. ते नंदुरबारला मिरची बाजारात होते.

“आप्पा, तारेत लाइट सोडलीय का?”

“मशीन बिघडनं, बेटा. दुरुस्तीले दिधं. दोन रात तार मोटरना स्टार्टरवरतून जोडी दिधी. पन लाइट त रातनी शे ना! दिवसले तारमा करंट नही ऱ्हास.”

“आज सोमवार, आप्पा. पाळी बदलली.”

शेतीच्या लाइटची पाळी आठवड्याला बदलते, एक आठवडा रात्रीची तर पुढचा दिवसाची. आप्पांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते विसरले होते. लाइट रोज सकाळी आपोआप जायची, म्हणून तार सोडवायला कोणी गेलंच नव्हतं.

मग आप्पांनी विचारलं, “कालीबाई कोठे शे?”

“उभी शे. लेकरू बी.”

आप्पांनी कळवलेला वायरमन येऊन ट्रान्सफॉर्मरची डीपी बंद करेपर्यंत दोघी बांधापासून लांब बसून राहिल्या. स्थानक केव्हाच निघून गेलं होतं. “तुमनी डबीले या तारनं कसं ऐकू वनं?” डबीचं ऐकल्यावर कालीबाईने विचारलं. रंजिता सांगू लागली. कालीबाईने तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

रंजिताचं तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या किंवा भावकीच्या शेतात कोणी राखणीला राहत असेल, तर त्या घरच्या बाईला आजच फोन लावा. तारेत काय सोडलंय ते तिला माहीत आहे का, गवताला ती कोणत्या बांधावर जाते, एवढं विचारा. आणि फोन उचलला नाही, तर स्वतः जाऊन बघून या.