विझवलेलं निरांजन

त्र्याहत्तर सालच्या दसऱ्याला सुनेने भरल्या ताटातलं निरांजन फुंकर मारून विझवलं, आणि सुनंदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशा त्या कालपासून धुमसतच होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात असलेल्या वामनरावांना आज दुपारी घरी सोडणार होते. सणाला आपलं माणूस घरात हवं, एवढाच सुनंदाबाईंचा हट्ट. पण मुलगा चारुदत्त सरकारी कामाने सिमल्याला, आणि युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवणाऱ्या सुनेने, नलिनीने, परवा इस्पितळाच्या दारात गाडीचे दिवे चालूच ठेवले. बॅटरी ठार मेली, गाडी दोरीने ओढून घरी आणावी लागली. बरं, रिक्षाचे धक्के डोळ्याला बसता कामा नयेत अशी डॉक्टरांची ताकीद. गाडी सुरू झाली नाही, तर वामनरावांचा दसरा इस्पितळाच्या खाटेवरच.

मग नलिनीने शेजारच्या ग्रेवालजींकडून चार्जर आणला. बॅटरी काढून मागच्या बंदिस्त व्हरांड्यात पाटावर ठेवली, सगळ्या खिडक्या उघडल्या, बॅटरीची बुचं काढून आत डिस्टिल्ड वॉटर घातलं. लाल चिमटा अधिकाला, काळा उण्याला, आणि सगळ्यात शेवटी बटण. "आई, इकडे कुणी यायचं नाही हं," एवढं सांगून ती मोकळी झाली. का यायचं नाही, ते सांगितलंच नाही. दिवसभर वर्गात बोलणाऱ्यांना घरात बोलायचा कंटाळा असतो.

आता सांगा, जन्म रत्नागिरीत काढलेल्या बाईने दसऱ्याच्या दिवशी पाटावर बसवलेली वस्तू पाहिली, तर तिला गंधफूल वाहिल्याशिवाय तिचा पाय निघेल का? अंगणातल्या फियाटला झेंडूचा हार सकाळीच घालून झाला होता. पण खरी आजारी तर ही होती! नलिनी आंघोळीला गेली तशा सुनंदाबाई व्हरांड्यात आल्या. वाऱ्याने ज्योत विझायला नको म्हणून आधी त्यांनी सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या. मग स्वयंपाकघरात बसून सावकाश वाती वळल्या, ताट केलं, निरांजन लावलं आणि मनात देवाचं नाव घेत व्हरांड्याचं दार ढकललं. पाटावर बॅटरी बुडबुडत होती.

तेवढ्यात ओल्या केसांनी नलिनी धावत आली. तिने मागूनच त्यांना ओढलं आणि ज्योतीवर फुंकर मारली.

"सणाचं निरांजन फुंकलंस? तोंडाने?" सुनंदाबाई कडाडल्या. "तुझे सासरे घरी यायचेत गं आज!"

नलिनीने आधी सासूला धरून अंगणात नेलं, मग आत जाऊन भराभर खिडक्या उघडल्या. परत येऊन ती सासूसमोर उभी राहिली.

"आई, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. पेटणारा वायू. खिडक्या बंद, त्यात तुमच्या हातात ज्योत. बॅटरी फुटली असती आणि आतलं ॲसिड तुमच्या चेहऱ्यावर, डोळ्यांत..." तिने सासूच्या हातातलं ताट काढून घेतलं. "चूक माझीच. मी नीट सांगायला हवं होतं."

सुनंदाबाई पायरीवर बसल्या. राग कुठच्या कुठे गेला. वामनराव पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा आपल्याकडेच बघणार, आणि आपणच आंधळ्या! त्या कल्पनेनेच त्यांना रडू फुटलं. नलिनी शेजारी बसली.

दुपारी नलिनीने आधी बटण बंद केलं, मग चिमटे काढले आणि बॅटरी गाडीत बसवली. फियाट पहिल्याच फटक्यात सुरू झाली. सुनंदाबाईंनी गाडीलाच हात जोडले.

तासाभराने वामनराव उंबऱ्याबाहेर उभे होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, कोपर नलिनीच्या हातात. सुनंदाबाईंनी तेच निरांजन पुन्हा लावून आणलं. वामनरावांनी सवयीने हनुवटी वर केली. ताट मात्र त्यांना ओलांडून सुनेपुढे गेलं.

"अगं, आजारी मी आहे!" वामनराव म्हणाले.

"तुम्हाला नंतर. तुमचा डोळा डॉक्टरांनी वाचवला, माझे दोन्ही हिने वाचवले."

नलिनीने मान खाली घातली. वामनरावांना काही उमगलं नाही, पण ते मुकाट्याने एक पाऊल बाजूला झाले.