दार नसलेला दवाखाना

सरकारी असो की खाजगी, आपल्याकडच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलाभोवती घोळका असतोच. एक जण खुर्चीत बसून आपलं दुखणं सांगत असतो आणि मागची माणसं त्याच्या खांद्यावरून वाकून ऐकत असतात. कुणाला घाई असते, कुणाला नुसती सवय. ऐकणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही आणि सांगणाराही तक्रार करत नाही. तुम्ही-आम्ही सगळेच कधी त्या खुर्चीत बसलोय, कधी मागे उभे राहिलोय.

निपाणीजवळच्या एका गावातला डॉक्टर पद्मराज यांचा दवाखाना तर त्याहून मोकळा होता. तपासणीच्या खोलीला दारच नव्हतं. कोरोनाच्या दिवसांत हवा खेळती राहावी म्हणून त्यांनी दार चौकटीतून काढलं आणि बाहेर व्हरांड्यात विटांवर आडवं टाकलं. येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला बाक झाला. साथ सरली, पण दार परत चढलं नाही. लोक पाव्हण्यारावळ्यांत कौतुकानं सांगायचे, आमच्या डॉक्टरअण्णाच्या खोलीला दार न्हाय. कधीबी जावा, कोणबी जावा.

दिवसभराच्या शिणात डॉक्टरांना तेवढं एक वाक्य गोड लागायचं. शीण मात्र खरा होता. वखारीत तंबाखू चाळून खोकणाऱ्या बाया, उसाच्या फडात पाय कापून घेतलेली माणसं, तापानं फणफणलेली पोरं. मराठीत येणाऱ्याशी मराठीत, कन्नडात येणाऱ्याशी कन्नडात बोलून बोलून दुपारपर्यंत त्यांचा घसा बसायचा. मग माणसाचा चेहरा दिसेनासा व्हायचा. दिसायचा तो गुडघा, दिसायची ती जीभ, आणि पुढच्या माणसाची सावली.

अशाच एका सकाळी राजाबाई खुर्चीत येऊन बसली. वखारीत कामाला जाणारी, पन्नाशी ओलांडलेली विधवा बाई. हातांना तंबाखूचा वास, तोंडावर आठवडाभर न झोपल्यासारखी कळा. तिच्या मागं तिचा चुलत दीर भरमू उभा होता. तो आपल्या पाठदुखीसाठी आला होता, पण नंबर लागेपर्यंत सगळ्यांची दुखणी ऐकणं हा त्याचा विरंगुळा.

"काय होतंय, राजाक्का?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

राजाबाईनं तोंड उघडलं. मागं एकदा बघितलं. "गुडघा," ती म्हणाली.

"मागच्या बारीलाबी गुडघाच व्हता की," भरमू म्हणाला. "वैनी, गुडघा दवाखान्यातच ठिवून जा आता. सारखं आणायचा तरास नको."

घोळका हसला. डॉक्टरही थकलेलं हसले आणि त्यांनी त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. राजाबाई उठली, पण टेबलाची कड तिच्या हातातून लवकर सुटेना. मग मागच्या माणसाची पिशवी पुढं आली आणि ती बाहेर पडली.

बाहेर बाकावर चंदनाक्का बसल्या होत्या. या डॉक्टरांच्या थोरल्या बहीण, निपाणीला शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. भावानं त्यांना आधी आत बोलावलं होतं, पण रांग मोडून जायचं नाही म्हणून त्या बसून राहिल्या. राजाबाई त्यांच्या शेजारी टेकली. गोळ्यांची पुडी मुठीत धरून, स्वतःलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती काहीतरी गुणगुणत होती. जात्यावर बसलेल्या बायका गुणगुणायच्या तसं. चंदनाक्कांनी कान दिला.

दुःख सांगाया मी गेले, दारी माणसांचा मेळा,
उंबऱ्यात गिळीला गं, ओठी आलेला उमाळा.

पूर्वी जातं तेवढं बाईचं ऐकून घ्यायचं. भल्या पहाटे, घर झोपलेलं असताना, तिनं काय काय त्याच्या कानात घातलं असेल! आता पीठ गिरणीतून येतं. चंदनाक्का तिच्याकडं जरा सरकल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, "काय गिळलंस गं बाई?"

दोघी बराच वेळ खाली मान घालून बोलत राहिल्या. चंदनाक्कांचा नंबर आला तेव्हा त्या उठता उठता राजाबाईला म्हणाल्या, "माझं होईस्तोवर बस. जोडीनं जाऊ."

आत त्यांचीही तीच गत झाली. टेबलाभोवती माणसं, आणि भाऊ मोठ्यानं विचारतोय, "आक्का, काय होतंय?" आक्का म्हणाल्या, डोकं दुखतंय. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, बरं आहे म्हणाले. आक्का पुन्हा बाकावर येऊन बसल्या आणि गर्दी सरायची वाट बघू लागल्या.

भरमू पाठीवर मलम घेऊन गेला. हळूहळू व्हरांडा मोकळा झाला. डॉक्टरांनी खुर्चीत मान मागं टाकून डोळे मिटले होते, तेव्हा आक्का आत आल्या.

"पद्म्या, माझं डोकं दुखत न्हाय."

डॉक्टरांनी डोळे उघडले.

"मला लघवी आवरत न्हाय. खोकलं तरी लुगडं भिजतंय. बस्तीला देवदर्शनाला जायचं सोडलंय मी, लग्नाकार्याला जायचं सोडलंय. ते सांगायला आलतो मी तुझ्याकडं. सख्खा भाऊ तू, वर डॉक्टर. तरी मला सांगता आलं न्हाय."

त्या भागात बायकाही 'आलतो, गेलतो' असंच बोलतात. एरवी त्या बोलण्यात एक रुबाब असतो. आज नव्हता.

"आक्का, घरी सांगायचं की," डॉक्टर म्हणाले.

"मी घरी सांगीन. भाईर बसलेल्या बाईनं कुणाच्या घरी सांगायचं?"

डॉक्टरांना राग आला. थकलेल्या माणसाला येतो तसा, उशिरा आणि जास्त. आपण दिवसभर इथं मरतो, ते म्हणाले. कुणाला परत लावत नाही, गरीब-श्रीमंत करत नाही, मोठ्या दवाखान्यांसारखं कुणाला दाराबाहेर ताटकळत ठेवत नाही. लोकांचा विश्वास आहे म्हणून तर ही गर्दी.

"गर्दी हाय, व्हय," आक्का म्हणाल्या. "लोक म्हणत्यात, डॉक्टरअण्णाच्या खोलीला दार न्हाय. आणि बाया त्या नसलेल्या दारातनंच माघारी जात्यात. तू चांगला हायस रं. पण चांगलं असणं येगळं आणि काम नीट करणं येगळं. पेशंटचं दुखणं त्याचं असतंय. ते तू गावजेवणासारखं वाढलंस."

डॉक्टरांनी बाहेर व्हरांड्याकडं बघितलं. मग त्यांनी विचारलं, "काय होतंय तिला?"

"ते मी सांगणार न्हाय."

"आक्का, मी डॉक्टर हाय."

"असशील. तिनं ते मला सांगितलंय, तुला न्हाय. तुला पायजे तर दार लावून तिलाच इचार."

दार होतं कुठं लावायला? ते तर बाहेर विटांवर पडलं होतं आणि राजाबाई त्याच्यावरच बसली होती.

मागच्या बाजूला औषधांचा साठा ठेवायची एक लहान खोली होती, तिला कडी होती. डॉक्टरांनी स्वतः दोन स्टुलं तिथं नेली. राजाबाईला बोलावलं आणि विचारलं, "दिव्या सिस्टर सोबतीला थांबू दे? का नको?" राजाबाई गोंधळली. तिला काही विचारून मग करायचं, असं दवाखान्यात पहिल्यांदाच घडत होतं. थांबू दे, ती म्हणाली. दिव्यानं दार लावलं.

"राजाक्का, गुडघ्याशिवाय आणि काय होतंय?"

ती दाराकडं बघत राहिली. "भरमूभाऊजी हायत का भाईर?"

"गेला. आणि असता तरी हितलं त्याला ऐकू गेलं नसतं. हितं बोललेलं आमच्याकडनं भाईर जायचं न्हाय."

मग ती बोलली. पाळी जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि पाडव्यापासून पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. आधी डाग, मग जास्त. वखारीत जाताना ती जुन्या लुगड्याच्या घड्या कमरेला बांधून न्यायची.

"नवरा नसलेली बाई मी," ती म्हणाली. "कुणाला कळलं तर काय काय बोलत्याली. दोनदा सांगायलाच आलतो, अण्णा. तोंडातनं गुडघाच निघाला."

औषधाच्या खोक्यांवर दुपारचं ऊन पडलं होतं. या वयात असं रक्त जाणं कशाचं असू शकतं, ते डॉक्टरांना पुस्तक न उघडता ठाऊक होतं. ही बाई दोनदा त्यांच्या हाताच्या अंतरावर बसून गेली होती, आणि त्यांनी तिला गुडघ्याच्या गोळ्या दिल्या होत्या.

आधी का नाही सांगितलंस, हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "माझं चुकलं, राजाक्का," ते म्हणाले. "मी नीट इचारलंच न्हाय." मग तिला समजेल अशा भाषेत त्यांनी सगळं सांगितलं. गर्भपिशवीची तपासणी करावी लागेल, ती बेळगावला होईल. बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण कधी वाईट गाठही निघते, म्हणून थांबायचं नाही. आणि घरात कुणाला काय सांगायचं, ते तूच ठरवायचं.

बेळगावात वाईट गाठच निघाली. पण ती अजून पिशवीच्या आतच होती, पसरली नव्हती. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात. पद्मराजांना फोनवर हे ऐकताना सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली.

राजाबाई ऑपरेशनसाठी बेळगावात असतानाच भरमू आला. घोळक्यातून टेबलापर्यंत पोचून त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, आमच्या वैनीला नेमकं काय झालंय. सगळे कान डॉक्टरांकडं लागले. पूर्वी त्यांनी सहज सांगून टाकलं असतं. आपलीच माणसं, काळजीनं विचारतात, त्यात लपवायचं काय!

"ते वैनींनाच इचार, भरमू. मी सांगणार न्हाय."

"आम्ही परकं झालो व्हय आता?"

"परका न्हायस. पण दुखणं तुझं न्हाय."

भरमूचं तोंड पडलं. त्या दिवशी पारावर चर्चा झाली, की डॉक्टर आता मोठं झालं, बोलंना झालं. डॉक्टरांच्या कानावर ते आलं आणि त्यांना लागलं. ज्या एका गोड वाक्यावर ते दिवस ढकलत होते, ते वाक्य आता कुणी म्हणणार नव्हतं.

तरी रविवारी त्यांनी सुतार बोलावला. विटांवरचं दार उचललं. इतके दिवस माणसं बसून बसून त्याची एक बाजू गुळगुळीत झाली होती. बिजागऱ्या नव्या घातल्या. दार चौकटीत चढलं तेव्हा जरा कुरकुरलं, मग बसलं. व्हरांड्यात सिमेंटचा बाक बांधला, आणि त्या बाकावर पहिला येऊन बसला तो भरमू. गार लागतंय म्हणून कुरकुर करत, पण बसला. आपला नंबर आल्यावर आत गेला, दार लागलं, आणि पाठदुखीच्या नावाखाली इतके महिने दडवलेलं मूळव्याधीचं दुखणं त्यानं खालच्या आवाजात सांगून टाकलं. ते काय होतं हे बाहेर कुणालाच कळलं नाही.

चंदनाक्कांनी भावानं सांगितलेले व्यायाम सुरू केले. त्या पुन्हा बस्तीला जाऊ लागल्या.

दिवाळीच्या सुमारास राजाबाई आली. वाळली होती, पण चेहऱ्यावर झोप झालेल्या माणसाची शांतता होती. बाकावर बसून तिनं आपल्या नंबरची वाट बघितली. आत आल्यावर तिनं मागं वळून स्वतःच्या हातानं दार लावलं, आणि कडी बसली का ते बघितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिच्या तोंडाकडं बघून विचारलं, "काय होतंय, राजाक्का?"

राजाबाईनं एकदा बंद दाराकडं बघितलं आणि तिला हसू आलं.

"गुडघाच दुखतोय, अण्णा. आता खरंच."

मंडळी, डॉक्टर प्रेमळ असला म्हणजे पुरत नाही. आपलं दुखणं त्याच्यापाशी सुरक्षित आहे, एवढा भरवसा त्याच्या कामातून मिळायला हवा. आणि तो भरवसा टिकवायचं निम्मं काम आपल्या पायांत आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात खुर्चीतल्या माणसामागं उभे असाल, तर कुणी सांगायची वाट बघू नका. बाहेर या, आणि येताना दार ओढून घ्या.