कानशीने बसवलेली रॅम

मित्रांनो, सुतारकामाच्या कारखान्यात, वार्निशच्या रिकाम्या डब्यांखाली जो मळकट डेस्कटॉप कॉम्प्युटर पडला आहे, तो मी. मी कसा बंद पडलो याची एक गोष्ट इथे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली जाते. ती खोटी आहे. खरी मी सांगतो.

निरनिराळ्या खोक्यांतून आलेले भाग जोडून एका दुकानात मला तयार केलं. मोठ्या मिस्त्रींनी बिलं छापायला मला विकत आणलं. नव्या नवलाईच्या दिवसांत माझ्यावर रोज फडकं फिरे. पुढे भुसा माझ्या पंख्यात साचू लागला आणि फडक्याची आठवण कुणालाच राहिली नाही.

मला पुन्हा किंमत आली ती मोठ्या मिस्त्रींच्या सूनबाईंमुळे. लग्न होऊन आल्यावर त्या आराखडे काढायचा प्रोग्रॅम स्वतःच शिकल्या. दारं, कपाटं, जिने माझ्या पडद्यावर उभे राहू लागले. गिऱ्हाईक आधी आराखडा बघे, मग काम देई. कारखान्यात सूनबाईंची म्हणून एक खुर्ची झाली. तोवर त्या घरात चुलीपुढची जागा सोडली तर त्यांचं असं काही नव्हतं.

मग एका गोल जिन्याचं काम आलं. त्याचा आराखडा एवढा वाढला की मी मध्येच गोठून बसे.

"वहिनी, त्याला चहा पाजा, मग हलेल!" पॉलिशवाला म्हणायचा.

सूनबाईंनी माझं झाकण उघडलं. जुन्या रॅमच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचली, मदरबोर्डचा नंबर शोधून पाहिला आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "बाबा, याची रॅम, म्हणजे मेमरी, कमी पडते. याला डीडीआर-थ्रीच चालते. जुनी आहे, पण मिळते अजून. हा नंबर दाखवूनच घ्यायची."

"जुन्यात आणखी जुनं कशाला कोंबायचं?" असं म्हणत मोठे मिस्त्री स्वतःच बाजारात गेले आणि दुकानातली सगळ्यात नवी रॅम घेऊन आले. डीडीआर-फोर.

मित्रांनो, रॅमच्या पट्टीला खालच्या कडेला एक खाच असते. दर पिढीत तिची जागा बदलते, चुकीची पट्टी चुकूनही बसू नये म्हणूनच. नवी पट्टी माझ्यात बसेना.

"राहू द्या बाबा, बदलून आणू," सूनबाई म्हणाल्या.

"दार चौकटीत बसलं नाही, तर आपण दार परत करतो का? तासतो! कानस आण रे."

शेवटचं वाक्य त्यांच्या मुलासाठी होतं. सूनबाई त्याच्याकडे, आपल्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही तरी सांगा ना."

"बाबांचा हात आहे तो," नवरा म्हणाला. "त्यांचं एक दार कुठे घासत नाही." आणि त्याने कानस आणून दिली.

मोठ्या मिस्त्रींनी पट्टीला नवी खाच पाडली. सोनेरी रेघांचा चुरा टेबलावर पडला. पट्टी माझ्यात ठेवून त्यांनी अंगठ्याने दाबली, मग लाकडी हातोड्याने वरून ठोकली. बटण दाबलं. माझ्या आत तडतडलं, जळका वास सुटला, आणि माझा पडदा पुन्हा उजळला नाही.

"म्हातारंच झालं होतं," ते म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तर मी तक्रार केली नसती. पण जिन्याचं गिऱ्हाईक आलं तेव्हा ते म्हणाले, "काय करणार साहेब, सूनबाईंनी कॉम्प्युटर उघडला आणि जाळून टाकला." सूनबाई चहा घेऊन समोरच उभ्या होत्या. नवरा फळीवरचा भुसा झटकत राहिला. सूनबाईंनी कप ठेवले आणि त्या आत निघून गेल्या.

जिना शेवटी पेन्सिलीने आखला गेला. पुढे नवा कॉम्प्युटर आला. त्याच्यापुढे आता नवरा बसतो आणि बिलं छापतो.

माझी हार्ड डिस्क शाबूत आहे. सूनबाईंचा जिना तिच्यात जसाच्या तसा आहे. "ती नव्याला जोडली तर सगळे आराखडे मिळतील," असं त्या एकदा म्हणाल्याही.

"तू आता हात लावू नकोस त्याला," नवरा म्हणाला. "पुन्हा काहीतरी व्हायचं."

मित्रांनो, जुन्या यंत्रात काही नवं घालण्याआधी त्याचं झाकण उघडा, आत काय लिहिलंय ते वाचा. बसत नसेल तर जोर करू नका. आणि जोर केल्याने मोडलंच, तर कोणी मोडलं ते खरं सांगा. माझा जळलेला मदरबोर्ड आजही बदलून मिळतो. सूनबाईंना त्यांची खुर्ची मात्र अजून कुणी परत दिलेली नाही.