पाठीवरचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे. वर्गात असतो तो फळा नव्हे, आणि परीक्षा घेतं ते बोर्ड तर मुळीच नव्हे. मी तळहाताएवढी हिरवी पट्टी आहे. एखादी चिप कशी वागते हे आधी माझ्यावर करून बघतात आणि मगच ती खऱ्या यंत्रात बसवतात, म्हणून मला चाचणी बोर्ड म्हणतात. थोडक्यात, चुका माझ्या वाट्याला आणि शाबासकी यंत्राला. मला त्याचं वाईट वाटत नाही. चुका करायला मिळतात तिथे मजाही जास्त असते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला बोलायला शिकवलं ते अण्णांनी. त्यांचं यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि तेव्हा ते एका बेकरीच्या भट्टीचं तापमान सांभाळणारी पेटी बनवत होते. भट्टी किती तापली हे मी तारेवरून संगणकाला एकेक अक्षर करून सांगायचो आणि किती तापवायची हे त्याच्याकडून ऐकायचो. तार लांब होती, म्हणून अण्णांनी मला अगदी सावकाश बोलायला शिकवलं. बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा वेग एकच लागतो, नाहीतर नुसता गोंधळ. तो वेग अण्णांनी कागदाच्या पट्टीवर लिहून माझ्या पाठीवर चिकटवला. मग माझ्यासारखाच एक बोर्ड भट्टीच्या पेटीत गेला, आणि मी गेलो खणात, संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी.

तिथे मी अकरा वर्षं काढली. शेजारी अगदीच अबोल होते.

मग एका सकाळी बेकरीवाले मामा धापा टाकत दुकानात आले. दुकान तोवर अण्णांच्या मुलीच्या हाती आलं होतं. अण्णा मागच्या खोलीत बसून शब्दकोडी सोडवत.

"ताई, पेटी जळाली," मामा म्हणाले. "चारशे पावांचं पीठ मळून ठेवलंय आणि ते फुगायला लागलंय. बारापर्यंत भट्टी सुरू झाली नाही तर सगळं आंबेल. माझी चार माणसं पहाटेपासून राबतायत हो."

ताईंनी खण उपसला आणि मला बाहेर काढलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! भट्टीचं सगळं गणित माझ्या पोटात जसंच्या तसं होतं. फक्त आज भट्टी किती तापवायची ते मला सांगायला हवं होतं.

ताईंनी हाताशी आलेली केबल मला जोडली. माझा दिवा लागला, पण संगणकाला माझा पत्ताच नाही. ती निघाली फोन चार्ज करायची केबल. तिच्यातून वीज येते, शब्द येत नाहीत. म्हणजे जेवायला वाढलं, पण बोलायची बंदी. ताईंनी केबल बदलली आणि संगणकाने मला ओळखलं.

मग त्यांनी मला उलटं करून पाठ वाचली. "ब्याण्णवशे? ठरलेल्या वेगांत असा वेगच नसतो. अण्णांना शहाण्णवशे म्हणायचं असेल. घाईत सहाचा दोन झालाय."

त्यांनी शहाण्णवशे लावलं. मी मोठ्या हौसेने म्हणालो, 'तयार'. पडद्यावर उमटले चौकोन, प्रश्नचिन्हं आणि उलटेसुलटे काने. मी पुन्हा म्हणालो, पुन्हा तेच. ताईंनी वेग वाढवत नेला. खाली उतरायचं त्यांच्या मनातही आलं नाही. इतकं सावकाश हल्ली कोण बोलतं? साडेदहा वाजले.

"बोर्ड गेलाय वाटतं," ताई हळूच म्हणाल्या. मामा खुर्चीत मटकन बसले. मित्रांनो, मी ठणठणीत होतो आणि जीव तोडून बोलत होतो. तेव्हा मला खरंच रडू आलं असतं.

शेवटी ताईंनी मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अण्णा, हे ब्याण्णवशे काय लिहून ठेवलंय तुम्ही?"

अण्णा चष्मा पुसत आले. "ब्याण्णवशे मी कशाला लिहीन? बाराशे आहे ते."

"मग नऊ का काढलाय?"

"अगं, तो एक आहे. मराठी एक."

माझ्या पाठीवर लिहिलं होतं '१२००'. मराठी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला चुलतभाऊ. दोन आणि शून्यं दोन्हीकडे सारखीच. दिवसभर इंग्रजी आकडे बघणाऱ्या ताईंना त्या एकात नऊच दिसला. अण्णा इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला, आणि त्यांच्यामागून मामाही हसले.

ताईंनी बाराशे लावलं. मी म्हणालो, 'तयार'. पडद्यावर उमटलं, 'तयार'.

पावणेबाराला मी भट्टीच्या नव्या पेटीत होतो. चारशे पाव टम्म फुगून बाहेर आले. पहिल्या घाण्यातले दोन मामांनी कागदात बांधून अण्णांना पाठवले. आता मी रोज पहाटे कामावर असतो आणि पाठीला छान ऊब मिळते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना ऊन-पाण्यात टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण लिहिलेलं नीट कळलं नाही तर नुसता अंदाज बांधत बसू नका. लिहिणारा मागच्या खोलीत असेल तर त्याला हाक मारा. त्या दिवसापासून ताई रोज काही ना काही विचारायला हाक मारतात, आणि अण्णांची शब्दकोडी अर्धवट पडून राहतात.