तेरा वेळा अठ्ठावीस

मी मोहाडीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि तोंडाची फटकळ आहे. ही दुसरी गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी नाही, पण पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं.

गेल्या वर्षी मी बी.एस्सी.च्या मुलींना एक प्रकल्प दिला. प्रत्येकीने वर्षभर आपल्या पाळीच्या तारखा लिहायच्या आणि त्या दिवसांत घरात आपल्याला काय काय बंद होतं तेही लिहायचं: चूल, देव, लोणच्याची बरणी, धानाचा रोवणा म्हणजे भातलावणी. शरीर काय करतं आणि लोक त्या शरीराचं काय करतात, हे दोन्ही एका कागदावर यावं अशी माझी फार इच्छा होती. तक्त्यावर नावाऐवजी रोल नंबर घातला. झाली गुप्तता, असं मला वाटलं.

दिवाळीनंतर एकतीस तक्ते जमा झाले. कुणाची पाळी चोवीस दिवसांनी, कुणाची चाळीस. परीक्षेच्या महिन्यात निम्म्या जणींची लांबलेली. जिवंत माणसांचे आकडे असेच वेडेवाकडे असतात. मग हातात आला चौदा नंबरचा तक्ता. वर्षात तेरा वेळा पाळी, आणि दर वेळी बरोबर अठ्ठावीस दिवसांनी. ऑगस्टमध्ये या मुलीला टायफॉईड झाला होता, सुट्टीचा अर्ज माझ्याकडेच आला होता. तरी एका दिवसाचा फरक नाही.

माझं डोकं फिरलं. बाकीच्या पोरी वर्षभर इमानदारीने लिहितात आणि ही बाई पुस्तकातला आकडा उतरवून मोकळी! मी भर वर्गात तक्ता वर धरला.

"रोल नंबर चौदा, ही पाळी आहे की एसटीचं वेळापत्रक? तुमसरच्या गाडीलाही इतकं जमत नाही. खरं शरीर असं नसतं. हे सगळं खोटं आहे."

वर्ग खो खो हसला. चौदा नंबरची रूपा हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या मागच्याच बाकावर गुड्डी बसली होती. गुड्डीची मामी सत्यभामाबाई नाकाडोंगरीची, आणि त्यांच्याच मुलाशी, मनिषशी, रूपाचं लग्न ठरलेलं. लग्न अठरा दिवसांवर होतं. हे मला माहीत होतं, पत्रिका माझ्या टेबलावर पडली होती. तरी मी बोलले.

तिसऱ्या दिवशी दुपारी रूपाची आई जनाबाई प्रयोगशाळेत आली. आत आल्या आल्या तिने दार लावून घेतलं.

"काहून केलं मॅडम तुमी असं?"

"तारखा खोट्या आहेत, जनाबाई. मी गुण देणार नाही."

"खोट्याच हायेत. मीच देल्या."

मी खुर्चीवर बसले. ती उभीच राहिली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून गेली. रूपा एकोणीसची झाली, पण तिला पाळी आलीच नव्हती. एकदाही नाही. बरोबरीच्या साऱ्या पोरी पाळीत बाहेर बसायला लागल्या तेव्हा शेजारची गोदावरीबाई रोज विचारू लागली, तुमचीचं काय? एक दिवस जनाबाईने रूपाला सांदवाडीत, घराच्या मागच्या अंगणात, वेगळं बसवलं. तीन दिवस ताट वेगळं, अंथरूण वेगळं. कपडे धुऊन शेजारणीला दिसतील असे दोरीवर टाकले.

"एकदा बसवलं, मंग दर महिन्याले बसवा लागलं. दवाखान्याच्या आशाताईनं देल्या कागदावर अठ्ठावीस लिवलं होतं. मी तेच धरलं. ऐन रोवण्यात बसवलं मॅडम, हाताले माणूस नव्हतं तरी बसवलं."

मला हसू यावं की रडू, कळेना. आपल्याकडे बाईला विटाळ म्हणून बाहेर बसवतात. इथे एक आई मुलीला बाहेर बसवत होती, कारण विटाळ नव्हता.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"भंडाऱ्याले नेलं असतं तं लोकायनं इचारलं असतं, काहून नेलं." मग ती पुढे वाकली. "गुड्डीनं मामीले सांगतलं, मॅडम म्हणत होत्या रूपाचं खोटं हाये म्हणून. सत्यभामाबाई परवा तुमाले इचाराले येऊन राहिल्या. म्हणतात, शिकलेली बाई लबाड नाही बोलणार. तुमी फक्त म्हणा, येते. येवढंच. माया पोरीचा जलम हाये, मॅडम."

"आधी डॉक्टर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी भंडाऱ्याला गेलो. शेजारी सांगितलं, बांगड्या घ्यायला चाललो. सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, गर्भाशय जन्मापासून तयारच झालेलं नाही. पाच हजारांत एखादीचं असं असतं. पाळी येणार नाही, मूल पोटात वाढणार नाही. जनाबाई मान खाली घालून बसली. रूपाने विचारलं, "मंग मी कोण हाव?"

"मुलगी. अंडाशय आहेत, हार्मोन्स आहेत, सगळं मुलीचंच आहे. यात कसलीही शंका नाही."

रूपाने ओढणीने डोळे पुसले. पहिल्यांदाच ती माझ्याकडे सरळ पाहून किंचित हसली.

परतीच्या गाडीने वरठी सोडलं. मग रूपा हळूच म्हणाली, "मॅडम, फर्स्ट इयरले तुमी शिकवलं होतं, पाळीची लाज कायची, तेच तं आपल्याले बाई करते. साऱ्या पोरीयनं टाळ्या वाजवल्या होत्या. मीनं पण वाजवल्या."

मला ते वाक्य आठवलं. मीच त्या वाक्यावर किती खूश होते! पोरींची लाज मोडायला निघाले होते आणि एका पोरीला बाईपणातूनच बाहेर काढलं होतं. असली शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तसं नसतं."

"मंग उद्या त्यायले सांगा ना. मी सांगतलं तं कोणी आयकणार नाही. तुमी नीट सांगान. लगीन राहो का मोडो, पण लपवून मले जाचं नाही."

मी मान हलवली. तिने माझा हात दाबला.

मोहाडीच्या स्टँडवर रूपा पुढे गेली तशी जनाबाईने माझं मनगट धरलं. "पोट्टी हाये ते, तिले काय समजते? गावात काय म्हणतीन ठाऊक हाये न तुमाले? हिजडा म्हणून टाळ्या पिटून दाखवतीन तिले, मॅडम. रोज. तिचे बाबा तोंड दाखवणार नाहीत कोणाले." तिची नखं माझ्या हातात रुतली होती. मी त्यावरही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास सत्यभामाबाई आल्या. मला वाटलं होतं, भांडकुदळ बाई असेल. तर त्या साध्या, थकलेल्या, धानकापणी सोडून आलेल्या. स्टुलावर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं. गुड्डी दाराशी उभी. जनाबाई कपाटाला टेकून, आणि रूपा माझ्या टेबलाशेजारी, जवळजवळ माझ्याच बाजूला येऊन थांबलेली.

"मी जुन्या वळणाची बाई हाव, मॅडम," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पोरगी मले पसंत हाये, मनिषलेही पसंत हाये. पण मनात वहीम शिरला. तुमी एकच सांगा. तिले येते का नाही?"

मी पाठ केलेलं सगळं तयार होतं. गर्भाशय म्हणजे काय, बाई म्हणजे तेवढंच नव्हे, डॉक्टर काय म्हणाल्या. पहिला शब्द ओठांवर आला आणि नजर जनाबाईवर गेली. तिने कपाटाची कड घट्ट धरली होती. माझ्या एका वाक्याने ही बाई आत्ता इथे कोसळेल, आणि आधीच्या एका वाक्याने मीच तिला इथवर आणलंय.

"येते," मी म्हटलं.

आणि तेवढ्यावर थांबले नाही. खोटं बोलायला लागलं की माणूस सफाईने बोलतो. "तक्ता भरताना आळस केला तिने, अंदाजाने तारखा टाकल्या. म्हणून मी वर्गात रागावले. बाकी सगळं व्यवस्थित आहे."

सत्यभामाबाईंनी दोन्ही हात जोडले. "झालं मंग. मी उगाच आली कापणी सोडून." त्या उठल्या. जनाबाईने डोळे मिटून घेतले.

"नाही येत," रूपा म्हणाली.

जनाबाईने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. रूपाने तो हळूच बाजूला केला. "मले कधीच नाही आली, मामीजी. पोटात गर्भाशयच नाही, जलमापासून. कालच भंडाऱ्याले समजलं. मनिषले मी आज सांगीन. त्यालेच पहिले सांगाचं होतं, तुमी आधी आल्या."

सत्यभामाबाई परत स्टुलावर बसल्या. त्या ओरडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घरी इचारतो," आणि गुड्डीला घेऊन निघून गेल्या. काय विचारणार, काय ठरवणार, काहीच बोलल्या नाहीत. जनाबाई फरशीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली.

मी रूपाजवळ गेले. "तुला वाचवायला बोलले गं मी. तुझी आई..."

"मायचं समजते मले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "मामीजींचंही समजते. पण तुमाले तं सारं ठाऊक होतं, मॅडम. रिपोर्ट तुमीच वाचला. मी बाई हाव हे सांगाले तुमाले उभं केलं होतं, अन् तुमी म्हणल्या, येते. म्हंजे नाही येत असं म्हणल्यावर सांगाले काहीच उरत नव्हतं का?"

ती उत्तरासाठी थांबली होती. खरंच थांबली होती, मला टोमणा मारायला नाही. बाहेर तासाची घंटा झाली, पोरी दाराशी जमू लागल्या, तरी ती तिथेच थांबली होती.