बासिल महाराजांचं उडतं सिंहासन

"व्हय म्हाराजा!" मांडवभर माणसं एका आवाजात गरजली आणि सगळ्यांची कपाळं वाळूला टेकली. डोकी वर निघाली तेव्हा बासिल महाराज सिंहासनासकट मांडवाच्या आढ्याला पोचलेले! खाली दोन पितळी सिंह डरकाळ्या फोडतायत, वरून महाराज तांदूळ उधळतायत. बायाबापड्यांच्या डोळ्यांना तर धारा लागल्या.

"बघलंस?" निलेशने बहिणीला कोपर मारलं. "आता बोल गो!"

रसिका जामसंड्याच्या शाळेत इतिहास शिकवणारी बाई, पण तिचं लक्ष होतं निलेशच्या मांडीवर पेंगणाऱ्या त्याच्या लेकीकडे, सृष्टीकडे. पोरीला फिट यायची. गोळी चालू होती तोवर वर्षभर एकदाही आली नव्हती. मग महाराज म्हणाले, "गोळी घेणं म्हणजे माझ्यावर अविश्वास!" आणि या शहाण्याने गोळ्यांची पाकिटं खाडीत भिरकावली.

"लेकरांनो!" वरून आवाज आला. "मागच्या जन्मी मी कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट बासिल! घोड्यांची चाकरी करणारा गरीब पोर, देवाने उचलून तख्तावर बसवला! माझ्या घराण्याने दोनशे वर्षं राज्य केलं! ते हेच सिंहासन!"

हे महाराज म्हणजे मूळचे बाबू, जहाजावरचे स्वयंपाकी. जहाज दुरुस्तीला इस्तंबूलला, म्हणजे जुन्या कॉन्स्टँटिनोपललाच, अडकलं, तेव्हा तिथल्या गाइडांची बडबड ऐकून गडी आख्खं राजघराणं ट्रंकेत भरून घेऊन आला. फक्त ज्या बादशहाने बासिलला वर आणलं, त्यालाच बासिलने मारून टाकलं, एवढं सांगायचं तेवढं विसरला!

रसिकाला हे घराणं पाठ होतं. बासिलच्या नातवाच्या दरबारात असंच सिंहासन होतं, असेच डरकाळ्या फोडणारे सिंह होते. परदेशी वकिलाला, म्हणजे राजदूताला, जमिनीवर पालथं पाडून नमस्कार करायला लावायचे, आणि त्याचं तोंड खाली असताना सिंहासन यंत्राने वर चढवायचे. एका वकिलाने लिहूनच ठेवलंय की मी आधी चौकशी केली होती, म्हणून घाबरलो नाही. हजार वर्षांपूर्वीचा माणूस चौकशी करून गेला हो! आणि आम्ही? आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात झाली की मान खाली, डोळे बंद आणि वर बेंबीच्या देठापासून "व्हय म्हाराजा". त्या गजरात आगबोटीचा भोंगा वाजला तरी कळायचं नाही. बाबूने नेमकं तेच हेरलं होतं.

महाराज दर्शन देऊन खाली उतरले. थोड्या वेळाने पुन्हा गाऱ्हाणं सुरू झालं. या वेळी रसिका वाकली नाही. सरळ मंचामागे गेली आणि तिने पडदा ओढून पाडला. मागे होड्या किनाऱ्यावर ओढायचं विंच घरघरत होतं. त्याची तार खांबावरच्या कप्पीतून थेट सिंहासनाला!

"वर काय बघतास? हय बघा!" ती ओरडली.

विंच चालवणारा हँडल सोडून पळाला. सिंहासन अधांतरी लोंबकळत राहिलं. "खाली घेवा रे माका!" महाराज किंचाळले. दोनचार जण फिसकन हसले. रसिकाला वाटलं, सुटलो एकदाचे!

तेवढ्यात पुढे बसलेल्या हौसाबाई म्हणाल्या, "विंच आसा तर आसा. देवाची पालखी तरी माणसांच उचलतत मां?"

"पण ता आपण लपवत नाय, काकी!"

ऐकतंय कोण? माना हौसाबाईंकडे हलायला लागल्या होत्या. आणि निलेश शांतपणे म्हणाला, "विंच माझाच. मीच बसयलंय."

रसिका त्याच्याकडे वळली. "आणि तरी गोळी बंद केलंस?"

"खुर्ची विंचान चढता गो. गुण बासिल बाबाचो येता."

आता याच्यापुढे काय उघड करायचं? तिला रडूच आलं.

इतक्यात सृष्टी ताठरली. हातपाय झटकायला लागली, तोंडाला फेस आला. "वारा इलो!" कोणीतरी ओरडलं आणि पोरीच्या अंगात देव आला असं समजून माणसं भराभर वाकली. रसिकाने धावत जाऊन पोरीला कुशीवर वळवलं, गळ्याशी आवळलेली बटणं सोडली. फिट थांबेना. तिला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. निलेश मागून मोटरसायकलवर आला.

संध्याकाळी सृष्टीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. डॉक्टर निलेशला स्पष्ट म्हणाले, "गोळ्या थांबवल्यात म्हणून हे झालं. पुन्हा थांबवल्यात तर पोर हातची जाईल."

डॉक्टर गेल्यावर निलेशने हात जोडले. "बाबान वाचयल्यान!"

रसिकाला त्याच्या मुस्काटीत द्यावीशी वाटली. पण पोर त्याची. गोळी द्यायची ती रोज त्याच्या घरात, त्याच्या हाताने.

"दादा," ती गयावया करत म्हणाली, "औषधान वाचली ती. तुझ्या डोळ्यांसमोर सुई दिल्यानी. तुका बाबाक नमस्कार घालूचो आसा तर घाल, मी आडवी येवचंय नाय. पण कोणी काय सांगितला तर आधी तपासून बघ रे. खरा आसला तर तपासल्यान ता मोडूचा नाय. आणि हिची गोळी चुकवू नको. पाया पडतंय तुझ्या."

निलेशने गोळ्यांचं पाकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात ठेवलं.

"बरा," तो म्हणाला, "बाबाक इचारतंय."